आबाजीच्या मीटरवरची आळी

मार्च लागला की टेपाच्या आळीत शिडी येते. पावसाळ्यात तार तुटून पडली तर हीच शिडी तीन-तीन दिवस कुणाच्या दृष्टीला पडत नाही, पण मार्चअखेरच्या वसुलीला सकाळी दहाला बरोबर हजर. शिडीच्या पुढच्या टोकाला असतो किशोर. कंत्राटी वायरमन, खालच्या गावचा. आळीतल्या निम्म्या घरांत त्याचं काही ना काही नातं निघतं, त्यामुळे लाईट तोडतानाही तो आधी हाक मारतो, पाणी मागतो, पाणी पितो आणि मग तोडतो.

यंदा पहिली त्यानं गजाची तोडली. गजा घरी नव्हता. त्याची म्हातारी आई येसूबाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, तोड बाबा, मला तसंही दोन डोळ्यांनी मिळून एकच माणूस दिसतं. दुसरी शुक्राची. शुक्रानं ओढ्याच्या कडेला भेंडी लावलेली, मोटार बंद पडणार म्हणून त्यानं अर्धा तास शिव्या घातल्या. पण कुणाला घातल्या ते शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलं, कारण किशोर त्याच्या मेव्हणीचा चुलतदीर.

तिसरं घर आबाजीचं.

अंगणात अंबाबाई वाल झोडपत होती. आबाजीची बायको, साठीला टेकलेली, अंगानं काटकी. सुकलेल्या वेलांच्या ढिगावर दांडकं पडायचं, शेंगा तडकायच्या, धुरळा उडून तिच्या भुवयांवर बसायचा. किशोरला बघून तिनं दांडकं थांबवलं नाही.

"तोडायला आलास नं? तोड," ती म्हणाली. "पण आधी आत जाऊन काकाला सांगून ये. मी सांगीन तर म्हणंल, बाई काय पन बोलते."

किशोर चपला काढून आत गेला. खाटेवर आबाजी उशांना टेकून बसलेला, नाकात नळी. खाटेच्या पायथ्याशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं आणि मधूनमधून फुस्स करत होतं. आबाजीनं बावीस वर्षं खालापूरच्या बाजूला खडीच्या मशीनवर काम केलेलं. तिथली धूळ त्याच्या छातीत जी जाऊन बसली, ती भाडेकरूसारखी निघायचं नावच घेईना. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरनं सांगितलं, आता दिवसरात्र हवा द्यायला लागेल. एका ट्रस्टनं मशीन वापरायला दिलं, फुकट. त्या वेळी सगळी आळी म्हणाली, आबाजीनं नशीब काढलं. पण अंबाबाईला महिन्याभरात हिशोब उमगला. म्हैस फुकट मिळाली होती, तिचा चारा विकत होता. आधी दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही, एवढ्यावर बिल यायचं. आता मशीन चोवीस तास चरत होतं. मुलगा राकेश पनवेलला गोदामात टेंपो चालवायचा, सून सुप्रिया एका फार्महाऊसवर चादरी बदलायला जायची. दोघांचं मिळून भागायचं, पण चार महिन्यांचं लाईटबिल मागं राहिलंच.

"ये, बस," आबाजी किशोरला म्हणाला. त्याचं एक वाक्य दोन श्वासांत व्हायचं. "किती जनांची तोडलीस?"

"दोन."

"मग मी तिसरा. बरं झालं. पहिला नंबर... आपला कधीच नव्हता."

किशोरनं मशीनवर हात ठेवला. कोमट होतं, जिवंत जनावराच्या पाठीसारखं. तो बाहेर आला, शिडी आडवी केली आणि अंबाबाईला विचारलं, पंधरा दिवस आधीची लेखी नोटीस आली होती का. अंबाबाई म्हणाली, कागद तर कसला आला नाही. मेसेज आला असेल तर तो राकेशच्या जुन्या नंबरावर, आणि तो मोबाईल मागच्या पावसाळ्यात उल्हास नदीत गेला.

"मग मी आज नाय तोडत," किशोर म्हणाला. "मला घर सापडलं नाय असं लिहितो. पन काकी, उद्या दुसरा कोन येईल, त्याला सापडंल. तू कर्जतला हापिसात जा. लिहून आन."

दुसऱ्या दिवशी अंबाबाई टमटममध्ये बसून कर्जतला गेली. पिशवीत बिलं, डॉक्टरचा कागद, ट्रस्टचा कागद आणि दोन भाकऱ्या. लाईट हापिसात चार खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीनं दुसरी दाखवली, दुसरीनं चौथी. चौथ्या खिडकीतला माणूस जेवायला गेला होता. बाकावर जागा नव्हती, ती भिंतीशी खाली बसली. एक पट्टेवाला येऊन म्हणाला, इथं बसू नका, साहेब येणार आहेत. ती दोन हात सरकली. साहेब काही आले नाहीत, पण त्यांच्यासाठी सरकलेल्या जागेवर एक कुत्रं येऊन झोपलं आणि त्याला कुणी उठवलं नाही.

चौथ्या खिडकीतला माणूस हात पुसत आला. त्यानं बिल बघितलं.

"ग्राहक सोमा म्हणून आहेत. हे कोण?"

"माझे सासरे."

"अर्जावर त्यांची सही लागेल. त्यांना घेऊन या."

"ते येनार नायत."

"आजारी आहेत का?"

"नाय. आता बरे हायत. सतरा वरसं झाली."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. खिडकीतला माणूस मान वर करून बघत राहिला, मग त्याला कळलं, आणि त्यानं मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, शंभराचा स्टॅम्प आणि आणखी तीन कागदांची नावं एका दमात सांगितली. अंबाबाईनं ती ऐकून घेतली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. भाकरी सोडली. निघायचं कुठं, हेच तिला ठरवता येईना.

तिथं तिला जागृती मॅडम भेटली. मॅडम म्हणजे इंजिनियर, तिशीची, उन्हातनं आलेली, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात जळालेली केबल. तिनं भिंतीशी जेवणारी म्हातारी बघितली, मांडीवरचा डॉक्टरचा कागद बघितला आणि उभ्या-उभ्याच वाचला. मग आत नेऊन खुर्चीवर बसवलं. खुर्चीला चाकं होती, ती मागं सरकली, अंबाबाई पडता-पडता वाचली. पुढची पंधरा मिनिटं ती टेबल धरून बसली.

मॅडमनं सांगितलं ते अंबाबाईनं बोटांवर मोजून पाठ केलं. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस गेल्याशिवाय लाईट तोडता येत नाही. थकलेलं बिल तीन हप्त्यांत भरायचं. नाव बदलायचा अर्ज किशोर घरी आणून देईल, म्हाताऱ्या माणसांना हापिसात खेपा घालायला लावायच्या नाहीत असा नियम आहे. हे शेवटचं सांगताना मॅडमनं खिडकीकडं बघितलं.

"मशीनवाल्या घरांचं वेगळं रजिस्टर आमच्याकडं नाही, मावशी," ती म्हणाली. "पण माझ्या हद्दीत मी लिहून ठेवते. लाईट जाणार असेल तर आदल्या दिवशी तुम्हाला फोन येईल. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेवायचा."

तिनं तसा कागद करून दिला, सही केली, शिक्का मारला. किशोरनं दुसऱ्या दिवशी येऊन मीटरच्या पेटीवर लाल रंगानं मोठी अधिकची खूण काढली, बाहेरचा कुणी शिडी घेऊन आला तर कळावं म्हणून. रंग बैलाच्या शिंगांना लावायचा, मागच्या दिवाळीतला उरलेला.

आता एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण आळीला ती खूण दिसली.

नाक्यावर दुपारी बातमी निघाली की आबाजीला सूट मिळाली. संध्याकाळपर्यंत आबाजीचं बिल माफ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाईनं स्वतः अंबाबाईला सांगितलं की तुमचा मीटर सरकारनं दत्तक घेतला. अंबाबाईनं घरोघर सांगितलं की बाबांनो, हप्ते आहेत, तीन हप्ते. पण हप्ते कुणाला दिसत नव्हते, लाल खूण सगळ्यांना दिसत होती.

मग गजा आला. गजा पंचेचाळिशीचा, तोंडानं गोड, हातानं आळशी. शिवाजी चौकात रिक्षा लावून दिवसभर गप्पा मारायचा आणि भाडं आलं तर वैतागायचा. तो दारात उभा राहिला, हात जोडून.

"काकी, विस्तव मागायला आलोय."

हे त्यानं बरोबर हेरून म्हटलं होतं. आळीत पूर्वी काड्यापेट्या नव्हत्या तेव्हा सकाळी ज्याची चूल विझलेली असेल तो शेजारी जायचा आणि कौलाच्या तुकड्यावर निखारा घेऊन यायचा. विस्तवाला नाही म्हणायचं नाही. भांडण असलं, कोर्टात केस असली, तरी विस्तव द्यायचा. फक्त देताना तोंड फिरवायचं. अंबाबाईच्या सासूनं तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. आणि लाईट म्हणजे शेवटी काय, तारेतनं येणारा विस्तवच.

येसूबाईच्या खोलीत एक दिवा, एवढंच, असं ठरलं. वायर आली, कुडावरनं, जांभळीच्या फांदीवरनं. चार दिवसांनी दिव्याला पंखा लागला, येसूबाईला घाम यायचा म्हणून. पंख्याला फ्रिज लागला, येसूबाईचं डोळ्यांचं औषध थंडीत ठेवायचं म्हणून. त्या फ्रिजमध्ये औषधाच्या बाटलीला सोबत म्हणून गजानं बोंबील भरले आणि नाक्यावर विकायला लागला. मग शुक्रा आला. तोही विस्तवच मागायला आला, फक्त त्याचा विस्तव एक हॉर्सपॉवरचा होता. एप्रिलच्या मध्यापर्यंत आबाजीच्या घरातनं पाच वायरी निघाल्या. वरनं बघितलं असतं तर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं असतं, आणि मधोमध आबाजी.

त्या सगळ्यांवरनं, पार उंचावरनं, भिवपुरीच्या वीजघराच्या मोठ्या तारा जात होत्या. त्या कुठं जातात हे आळीनं कधी विचारलं नाही. आपल्याकडं येत नाहीत एवढं माहीत होतं.

अंबाबाईला या वायरी खुपत होत्या, पण आबाजी त्या वायरींवर जगायला लागला होता.

दोन वर्षं त्याच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. माणसं वाईट नव्हती, नाकातली नळी बघून त्यांना बोलायचं सुचायचं नाही. पूर्वी नाक्यावर आबाजी बोलायला लागला की माणसं गाडी चुकवायची. आता तो दिवसभर कौलं मोजायचा. पण घरातला पक्का बोर्ड खाटेच्या उशाशी होता. ज्याला वायर लावायची, काढायची, त्याला आबाजीसमोरनं जायला लागायचं. आणि विचारायला लागायचं, काका, लावू का. आबाजी थोडं थांबायचा. मग म्हणायचा, "लाव." हे 'लाव' तो असं म्हणायचा की पाटलानं वतन लिहून द्यावं. तो रोज दाढी करायला लागला. सुप्रियाकडनं धुतलेली बंडी मागायला लागला. अर्धी आळी माझ्या मीटरवर हाय, असं त्यानं राकेशला फोनवर तीनदा सांगितलं.

राबाचे दिवस होते. भाताची रोपं जिथं टाकायची ती जागा आधी भाजून काढायला लागते. अंबाबाई आणि सुप्रिया पहाटे माळावर जाऊन पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायच्या, पाटीत दाबून भरायच्या, डोक्यावर आणायच्या. वाफ्यावर आधी शेण, त्यावर झाडाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, त्यावर बारीक माती. सुप्रियाला दहाला फार्महाऊसवर जायचं असायचं, मग अंबाबाई एकटी. उन्हानं पाटीची तार तापून डोक्याला चटका बसायचा. मानेची शीर धरायची. वाफ्याला कडेनं आग लावली की धूर जमिनीसरपट पसरायचा, आणि ती काठी घेऊन आग पळू नये म्हणून धुरात कडेकडेनं फिरायची. त्या धुरात खोकताना तिला दर वेळी आबाजीची आठवण व्हायची, आणि ती खोकला गिळायची.

किशोर तिला तिथंच भेटला. बांधावर उभा राहून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि सांगितलं, काकी, वायरी काढ. आपल्या मीटरवरनं दुसऱ्याला लाईट देणं गुन्हा आहे. तपासणीचं पथक पुढच्या महिन्यात येणार आहे. त्यांनी बघितलं तर दंड गजाला नाही, तुला. आणि मॅडमनं दिलेला कागद गेला समज. तो कागद गेला की शिडी पहिली तुझ्या घरी.

"आनि दुसरं," तो म्हणाला. "तुझी तार बारीक हाय. मोटार चालू झाली की घरात लाईटला दाब राहत नाय. मशीन ओरडत नाय का?"

अंबाबाईनं आठवून बघितलं. आधी दाब कमी झाला की मशीन टूं-टूं करायचं, लाल दिवा लागायचा. हल्ली पंधरा दिवसांत तिनं ते ऐकलंच नव्हतं.

"नाय ओरडत," ती म्हणाली.

"मग बरंय," किशोर म्हणाला. पण त्याचा चेहरा बरंय म्हणणारा नव्हता.

ती आग विझायची वाट न बघता घरी आली. शेजारच्या वाफ्यावरच्या बाईला काठी देऊन आली. दुपारचा एक वाजला असेल. ओढ्याकडनं शुक्राच्या मोटारीचा आवाज येत होता. घरात आबाजी खाटेवर बसून गजाला कुठल्यातरी जुन्या जत्रेची गोष्ट सांगत होता आणि गजा हसत होता. आबाजीचे ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. एका शब्दाला एक श्वास लागत होता, तरी गोष्ट चालूच. मशीनवर लाल दिवा पेटलेला. आवाज नाही.

अंबाबाई वाकली. मशीनच्या मागच्या बाजूला जिथनं तो टूं-टूं यायचा तिथं सुप्रियाच्या जुन्या परकराचा बोळा कोंबलेला होता, वरनं दोरीनं बांधलेला. तिनं तो ओढून काढला. मशीन एकदम ओरडायला लागलं. गजा दचकून उठला, काहीतरी काम आठवलं म्हणाला आणि गेला.

तिनं बोर्डातल्या पाचही वायरी उपटल्या. थोड्या वेळानं लाल दिवा गेला. आबाजी डोळे मिटून छाती वरखाली करत राहिला. ओठांचा रंग हळूहळू परत आला. ती त्याच्यासमोर उभीच होती, हातात बोळा, हातापायांना काजळी.

"हे कोनी बांधलं?"

"मीच," आबाजी म्हणाला. "ते ओरडतं... लोक बिचकतात."

"तुमचा जीव जाईल."

"दोन वरसं... कोन आला व्हता का? आता दिवसाला... धा मानसं येतात."

"तुमाला बघायला येतात का?"

आबाजीनं नळी नाकात नीट बसवली.

"येतात तर खरं," तो म्हणाला.

मागच्या दारी जाऊन अंबाबाईनं हातपाय धुतले. उपटलेल्या वायरी संध्याकाळी एकेक करून परत लागल्या. तिनं बघितलं आणि चुलीपुढनं उठली नाही. आबाजीला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सुप्रियाला तिनं कामावर जाऊ दिलं नाही. राबालाही गेली नाही. ट्रस्टची नर्स जाताना एक चिमटा देऊन गेली होती, बोटाला लावायचा, त्यावर अंगातल्या हवेचा नंबर दिसायचा. नव्वदच्या खाली गेला तर फोन करा, पंच्याऐंशीच्या खाली गेला तर गाडी बोलवा, असं तिनं सांगितलेलं. आबाजी तो लावू द्यायचा नाही, म्हणून तो साखरेच्या डब्यामागं पडून होता. अंबाबाईनं तो पुसला. भरलेला सिलिंडर खाटेशेजारी आणून ठेवला, त्याची चावी कमरेला खोचली. आणि एक वाजता, शुक्राची मोटार सुरू व्हायच्या थोडं आधी, गजाला हाक मारली.

"गजा, जरा काकाजवळ बस रं. मला बारीक दिसत नाय. ह्या चिमट्यावर नंबर येतो, तो मोठ्यानं वाचायचा. सुप्रिया लिहून घेईल. डॉक्टरनं मागितलाय."

गजाला वाटलं, एवढंच ना. तो ऐटीत खुर्चीवर बसला. आबाजीनं बायकोकडं बघितलं. त्याला कळलं होतं. पण गजासमोर नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. त्यानं बोट पुढं केलं.

"ब्याण्णव," गजानं वाचलं. सुप्रियानं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं.

ओढ्याकडनं मोटार घरघरली. वरचा पंखा मंदावला, त्याची पाती मोजता येतील इतका. मशीनचं घुरघुरणं खोल गेलं. मग ते ओरडायला लागलं आणि कुणीच काही कोंबलं नाही.

"एक्क्याण्णव," गजा म्हणाला. "नव्वद. काकी, हे ओरडतंय."

"ओरडू दे. तू वाच."

"एकोणनव्वद." तो थांबला. "सत्त्याऐंशी."

आबाजीनं काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला. दोन शब्द आले, तिसरा आला नाही. तोंड उघडंच राहिलं. बोटाचं नख निळसर पडलं आणि ते नख गजाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं.

"शहाऐंशी. काकी."

अंबाबाईनं सिलिंडरच्या तोंडावर चावी बसवली. फिरवली नाही. ती गजाकडं बघत नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

"वाच," ती म्हणाली.

गजानं वाचलं नाही. तो उठला, खुर्ची मागं पडली, आणि त्यानं स्वतःची वायर बोर्डातनं ओढली. नंबर हलला नाही. त्यानं शुक्राची ओढली. ओढ्याकडचा आवाज बंद पडला. मग उरलेल्या तिन्ही ओढल्या. मशीनचं ओरडणं थांबलं. तोवर अंबाबाईनं चावी फिरवली होती, नळी सिलिंडरला लावली होती. गजा चिमट्याकडं बघत उभा. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज येत नव्हता. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. तिथंच. तिथंच. नव्वद.

एवढ्यात शुक्रा ओढ्याकडनं चिखलाच्या पायांनी आला, मोटार कुणी बंद केली म्हणून दारातनंच बोंबलत. गजानं त्याला दंडाला धरलं, पडलेली खुर्ची सरळ केली आणि त्याला तिच्यावर बसवलं.

"बस," तो म्हणाला. "हे वाच."

त्या संध्याकाळी वायरी गुंडाळल्या गेल्या. जांभळीवरची तेवढी राहिली, गजाला झाडावर चढायचा कंटाळा.

आळी रुसली. उघड कुणी काही म्हटलं नाही, पण विहिरीवर अंबाबाई आली की बायकांच्या कळश्या लवकर भरायला लागल्या. विस्तव काढून घेणारी बाई पहिल्यांदाच बघितली, असं कुणीतरी म्हणालं आणि ते तिच्यापर्यंत पोचेल अशा बेतानं म्हणालं. शुक्राची भेंडी निम्मी वाळली. तो डोक्यावरनं पाण्याचे हंडे वाहायला लागला आणि आबाजीच्या दारावरनं जाताना मुद्दाम पाणी सांडत जायचा.

अंबाबाईनं गजाला घरी जाऊन सगळं सांगितलं: कुठल्या खिडकीशी जायचं नाही, कुठल्या पट्टेवाल्याला टाळायचं, मॅडम कधी भेटते, हप्ते कसे मागायचे, येसूबाईचं वय आणि डोळ्यांचा कागद वर ठेवायचा. चाकाच्या खुर्चीवर बसशील तर टेबल धर, हेही सांगितलं. गजानं ऐकलं, हूं म्हटलं, आणि ती उंबऱ्याबाहेर पडताच दार लावून घेतलं.

आबाजीनं भिंतीकडं तोंड केलं. नंबर त्र्याण्णव यायचा, कधी चौऱ्याण्णव. दाढी वाढली. तो जेवायचा दोन घास आणि ताट सरकवायचा. चौथ्या दिवशी अंबाबाई राबावरनं आली तर नळी नाकात नव्हती, छातीवर पडलेली, फुस्स करत हवा बंडीच्या गुंड्यांना देत होती.

"नळी लावा," ती म्हणाली.

"काय करायचंय... एवढ्या हवेचं," आबाजी भिंतीला म्हणाला. "बोलायला... कोन हाय."

"मी हाय."

"तू... बोलतंस कुठं. तू हुकूम सोडतंस."

तिनं नळी लावली. त्यानं काढली. तिनं परत लावली आणि त्याचा हात धरून बसली, दोघांचेही हात हाडकुळे, कुणाचा कुठला ते सुप्रियाला दारातनं ओळखू येईना. राबाचं राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी सुप्रियानं एकटीनं केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. अंबाबाई खाटेशी बसून बोलायचा प्रयत्न करत होती. तिला विषय सुचेना. तिनं वालाचा भाव सांगितला, आबाजी हूं म्हणाला. परत सांगितला.

आठवड्यानं किशोरची शिडी आळीत आली. मार्च सोडून शिडी आलेली बघून माणसं ओट्यांवर आली. किशोर गजाच्या खांबावर चढला आणि तार जोडली. गजा कर्जतला तीन खेपा घालून हप्ते करून आला होता, आणि पट्टेवाल्याशी भांडूनही आला होता, म्हणजे काम नीट झालं होतं.

तासाभरानं गजा आबाजीच्या दारात उभा. हात मोकळे. वायर नाही, चार्जर नाही, काही लावायला नाही. त्यामुळं त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना. तो मागं फिरणार होता, पण आबाजीनं भिंतीकडनं तोंड वळवलं होतं.

"काका," गजा म्हणाला. "आज किती?"

आबाजीला आधी कळलं नाही. मग त्यानं चिमटा मागितला, पहिल्यांदाच स्वतःहून, आणि बोटाला लावला.

"त्र्यान्नव."

"माझ्या वेळी शहाऐंशी व्हता," गजा खुर्ची ओढत म्हणाला. "उद्या चौऱ्यान्नव जातोय. लावतोस पैज?"

आबाजीनं बघितलं. मशीनकडं, बोर्डाकडं, गजाकडं.

"कितीची?"

"वडापाव."

दुसऱ्या दिवशी गजा आला, त्याच्याबरोबर रिक्षावाला जितेश आला. एक वडापाव चौऱ्याण्णववर, एक ब्याण्णववर. तिसऱ्या दिवशी शुक्रा हंडा खाली ठेवून दारात थांबला, म्हणाला, मी खेळत नाय, नुसता बघतो. आणि बघता-बघता दोन वडापाव हरला. येसूबाईला काठी धरून आणायला लागायचं. तिचा नंबर रोज शंभर, ती हटायची नाही. पैज लागल्यापासून कुणाच्या वायरीची कुणी आठवण काढली नाही. उलट दुपारी मशीन जरा वेगळं घुरघुरलं तरी शेजारनं विचारणा व्हायची, कुणी मोटार लावली का रं. आबाजी परत दाढी करायला लागला. साडेचारला सगळे जमायचे. आबाजी चिमटा लावायचा आणि नंबर दुसऱ्या हाताच्या मुठीत झाकून ठेवायचा.

"बसा आधी," तो म्हणायचा. "घाई काय. चा घ्या."

आत अंबाबाई चुलीपुढं. एके दिवशी नऊ कप झाले होते, दहावा आत येताना चपला काढत होता. सुप्रियानं साखरेचा डबा वाकडा करून दाखवला. बाहेर आबाजी कुठलीतरी जत्रा सांगत होता, दोन श्वासांत एक वाक्य, आणि नऊ माणसं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होती.

अंबाबाईनं पातेल्यात आणखी कपभर पाणी ओतलं.

"वायरीच बऱ्या व्हत्या गं," ती म्हणाली. "चा तरी पीत नव्हत्या."